संकष्टीचा चंद्र उगवेपर्यंत : बुलढाणा जिल्ह्यातील सहकुटुंब आकाशदर्शन

हौशी आकाशदर्शन म्हणजे घरच्या माणसांसोबत किंवा मित्रमंडळींसोबत उघड्यावर बसून नुसत्या डोळ्यांनी तारे, ग्रह, चंद्र आणि उल्का पाहणे. फार तर गळ्यात एखादी द्विनेत्री दुर्बीण असते. खगोल अभ्यासकाच्या निरीक्षणात मोजमाप आणि नोंद महत्त्वाची. इथे मात्र एकाने बोट दाखवावे आणि दुसऱ्याला तो तारा सापडावा, यात निम्मा आनंद असतो. म्हणून हा छंद एकट्यापेक्षा चार माणसांत अधिक रुजतो.

मराठी घराला आकाशाखाली बसण्याची सवय नव्याने लावावी लागत नाही. संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहत गच्चीवर उभे राहणे, कोजागरीचे दूध, हिवाळ्यातला शेतावरचा हुरडा, रोही आणि रानडुकरांपासून पीक राखण्यासाठीची जागल, रात्रपाळीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी देणे, असे प्रसंग बुलढाणा जिल्ह्यात वर्षभर येतात. या रात्री आधीच ठरलेल्या असतात. त्यांतला थोडा वेळ चंद्राच्या पलीकडे पाहण्यासाठी काढला की आकाशदर्शनाचा निम्मा खटाटोप वाचतो.

जिल्ह्याचे आकाश

बुलढाणा शहर उत्तर अक्षांश साडेवीस अंशांच्या जवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर, अजिंठ्याच्या डोंगररांगेत वसले आहे. उत्तरेला पूर्णेचे सपाट खोरे आणि त्यापलीकडे सातपुडा, दक्षिणेला लोणार, मेहकर आणि सिंदखेडराजाचे पठार, अशी जिल्ह्याची ठेवण. मोठे औद्योगिक शहर जिल्ह्यात नाही. खामगाव, मलकापूर, चिखली, शेगाव या गावांचा उजेड मागे टाकून काही किलोमीटर गेले, की शिवारात अजून बऱ्यापैकी अंधार मिळतो.

अक्षांशाचा फायदा मोठा आहे. ध्रुवतारा जिथे क्षितिजापासून साडेवीस अंशांवर दिसतो, तिथून दक्षिणेचेही पुष्कळ तारे उगवतात. युरोपातल्या बहुतेक देशांतून कधीच न दिसणारा त्रिशंकू मेच्या मध्यावर रात्री साडेनऊच्या सुमारास इथल्या दक्षिण क्षितिजावर उभा असतो. त्याच वेळी उत्तरेला सप्तर्षी चांगले वर चढलेले असतात. एकाच जागी नुसती मान फिरवून दोन्ही पाहता येतात. अट एवढीच, की दक्षिणेला डोंगर, झाडी किंवा गावाचा उजेड नसावा, कारण त्रिशंकूचा खालचा तारा क्षितिजापासून जेमतेम सहा अंश वर येतो.

अंधार आणि डोळे

अंधारात गेल्याबरोबर बाहुली मोठी होते, पण खरा बदल डोळ्याच्या पडद्यावर होतो. मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशींतले रंगद्रव्य उजेडात मोडते आणि अंधारात हळूहळू पुन्हा तयार होते. त्याला वीस ते तीस मिनिटे लागतात. या अर्ध्या तासात कोणी मोबाईल उघडला किंवा मोटरसायकलचा दिवा डोळ्यांवर आला, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. लाल प्रकाशाचा दंडपेशींवर सर्वांत कमी परिणाम होतो. म्हणून बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद दुहेरी बांधतात.

डोळ्याच्या मध्यभागी दंडपेशी जवळजवळ नसतात. त्यामुळे अंधूक तारा थेट रोखून पाहिला की नाहीसा होतो आणि नजर किंचित बाजूला नेली की दिसतो. लहान मुलांना ही गंमत पहिल्याच रात्री दाखवावी, कारण पुढच्या सगळ्या पाहण्याला तिचा उपयोग होतो. कृत्तिकांवर ती चांगली करून पाहता येते. रोखून पाहिले तर चार-पाच तारका मोजता येतात आणि शेजारी पाहिले तर सहा किंवा सात.

हुरड्याच्या आगटीभोवती बसलेल्यांना आकाश काळे, रिकामे दिसते, त्याचे कारणही हेच. खाणे आटोपल्यावर आगटीकडे पाठ करून, पन्नास पावले दूर, सतरंजीवर आडवे व्हावे लागते.

तिथी पाहून रात्र निवडणे

पौर्णिमेच्या आसपास चंद्रप्रकाशाने आकाश उजळते आणि ठळक ताऱ्यांखेरीज बाकीचे लोपतात. तारे पाहायला वद्य पक्षाच्या उत्तरार्धापासून शुद्ध चतुर्थी-पंचमीपर्यंतच्या संध्याकाळी उत्तम. अमावस्येला बाहेर पडू नये असा समज अजून काही घरांत आहे. आकाशदर्शनासाठी मात्र महिन्यातली सर्वांत चांगली रात्र तीच.

संकष्टीची सोय वेगळीच आहे. वद्य चतुर्थीला चंद्र साधारण साडेआठ ते दहाच्या दरम्यान उगवतो आणि त्याची वेळ दिनदर्शिकेत छापलेली असते. डिसेंबरात बुलढाण्याला सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि सव्वा तासात पूर्ण अंधार होतो. म्हणजे सात वाजल्यापासून चंद्रोदयापर्यंत दीड-दोन तास अंधारे आकाश मिळते, आणि घरातली माणसे चंद्राची वाट पाहत जागीच असतात.

चांदण्या रात्रीही वाया जात नाहीत. चंद्र रोज सुमारे तेरा अंश पूर्वेकडे सरकतो, म्हणजे दिवसाला जवळजवळ एक नक्षत्र. कार्तिकी पौर्णिमेला तो कृत्तिकांच्या आसपास, मार्गशीर्षात मृगाजवळ, माघात मघेच्या शेजारी असतो. मराठी महिन्यांची नावे ज्या नक्षत्रांवरून पडली, ती नक्षत्रे पौर्णिमेच्या चंद्राच्या आधाराने ओळखता येतात.

अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे घटमांडणी होते. पाऊस आणि पिके यांची भाकिते ऐकायला शेतकरी दूरदूरहून येतात. त्या भाकितांना शास्त्रीय आधार नाही. परंतु त्या संध्याकाळी पश्चिमेला तृतीयेची कोर असते आणि आकाश स्वच्छ असले तर कोरीखेरीजचे उरलेले चंद्रबिंबही राखाडी रंगात दिसते. पृथ्वीवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश चंद्राच्या काळोख्या भागावर पडतो, म्हणून ते दिसते.

दिशा आणि हाताचे माप

आकाशातले अंतर अंशांत मोजतात आणि त्याला हात पुरतो. हात लांब केल्यावर करंगळीची जाडी सुमारे एक अंश, मूठ दहा अंश, पूर्ण ताणलेली वीत वीस-बावीस अंश. मुलाचा हात लहान असतो, पण तो डोळ्याच्या तितकाच जवळ असतो. त्यामुळे माप जवळपास तेच येते. बुलढाण्यातून उत्तर क्षितिजावर एक वीत ठेवली, की टोकाशी ध्रुवतारा येतो. तो फार तेजस्वी नाही. आसपास तेवढ्या तेजाचे दुसरे तारे नसल्याने मात्र तो सापडतो.

तारे रोज चार मिनिटे लवकर उगवतात, महिन्याला दोन तास. म्हणून डिसेंबरअखेर रात्री दहाला दिसणारे आकाश जानेवारीअखेर आठलाच दिसते. एवढे ध्यानात ठेवले तर एका तारानकाशावर वर्षभराचे काम भागते.

वर्षभराचे आकाश

हिवाळा हा जिल्ह्यातला मुख्य मोसम. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रात्री दहाच्या सुमारास कृत्तिकांचा पुंजका जवळजवळ डोक्यावर असतो. माथ्यापासून त्याचे अंतर चार अंशांहूनही कमी. त्याच्या पूर्वेला लालसर रोहिणी आणि तिच्या खाली मृग नक्षत्र. मृगाच्या पोटातल्या तीन तारका म्हणजे तिकांडे, व्याधाने मारलेला बाण. ही तिकांडाची रेषा खाली वाढवली की व्याध सापडतो. तो रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री नऊ-साडेनऊला व्याधाच्या खाली, दक्षिण क्षितिजापासून दीड-पावणेदोन मुठी वर, अगस्त्य दिसतो. तेजात तो व्याधाच्या खालोखाल.

मृग नक्षत्राबाबत शेतकरी कुटुंबांत नेहमी एक प्रश्न निघतो. मृगाचा पाऊस जूनमध्ये पडतो, मग मृग हिवाळ्यात कसा दिसतो? सात-आठ जूनच्या सुमारास सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो, म्हणजे पृथ्वीवरून पाहता सूर्य त्या तारकांच्या दिशेला असतो. त्यामुळे त्या तारका दिवसा आकाशात असतात आणि दिसत नाहीत. सहा महिन्यांनी पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या बाजूला पोचते, तेव्हा तेच नक्षत्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवून रात्रभर दिसते.

उन्हाळ्यात धुळीने क्षितिज गढूळ होते, पण अंगणात-गच्चीवर झोपण्याचे दिवस हेच. एप्रिल-मेच्या संध्याकाळी सप्तर्षी उत्तरेला उंच असतात. त्यांच्या शेपटीचा बाक पुढे नेला की नारिंगी स्वाती आणि आणखी पुढे पांढरी चित्रा सापडते. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ. त्याला चिकटून असलेली बारीक अरुंधती लग्नात नवरा-नवरीला दाखवण्याची रीत आहे. पंगतीनंतर मंडपाचे दिवे मालवले तर ती खरोखर दिसू शकते. रात्र चढली की आग्नेयेकडून वृश्चिक वर येतो. लाल ज्येष्ठा त्याच्या छातीशी आणि वळलेल्या नांगीत मूळ. त्याच्या मागोमाग धनू राशीतला आकाशगंगेचा सर्वांत दाट पट्टा येतो, कारण आपल्या दीर्घिकेचे केंद्र त्या दिशेला आहे.

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत ढग असतात. पाऊस सरल्यावर धूळ खाली बसलेली असते आणि ऑक्टोबरचे आकाश वर्षात सर्वांत निवळ असते. संध्याकाळी आठला नैर्ऋत्येला धनू कलतो, माथ्याच्या आसपास अभिजित, श्रवण आणि हंस यांचा मोठा त्रिकोण असतो. रात्री उशिरा, डोक्याच्या उत्तरेला दोन मुठींवर, देवयानी दीर्घिका पांढुरक्या डागासारखी दिसते. नुसत्या डोळ्यांनी सहज दिसणाऱ्या गोष्टींत ती सर्वांत लांबची.

वयाचा तारा

अंतर समजून घ्यायचा एक कौटुंबिक खेळ आहे. प्रकाशाला वर्षभरात जेवढे अंतर कापता येते ते एक प्रकाशवर्ष. जो तारा आपल्या वयाइतक्या प्रकाशवर्षांवर आहे, त्याचा आज डोळ्यात शिरणारा प्रकाश आपल्या जन्माच्या सुमारास निघालेला असतो. व्याध साडेआठ प्रकाशवर्षांवर, म्हणजे तिसरी-चौथीतल्या मुलाचा तारा. श्रवण सुमारे सतरा, अभिजित पंचवीस, स्वाती सदतीस, रोहिणी पासष्ट, मघा एकोणऐंशी. घरातल्या प्रत्येकाला वयाच्या आसपासचा एक तारा वाटून देता येतो. नातवाने व्याध आणि आजीने रोहिणी एकाच रात्री, एकाच दिशेला पाहावी, हे हिवाळ्यात सहज जमते.

वयाच्या पलीकडची अंतरे स्थानिक इतिहासाशी जोडली की लक्षात राहतात. कृत्तिका सुमारे ४४० प्रकाशवर्षांवर आहेत. आज दिसणारा त्यांचा प्रकाश सोळाव्या शतकाच्या अखेरीस, सिंदखेडराजाला जिजाऊंचा जन्म झाला त्या काळाच्या आगेमागे, निघालेला आहे. देवयानी दीर्घिकेचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वीचा.

ग्रह

ग्रह ओळखायची साधी खूण अशी, की ते ताऱ्यांसारखे लुकलुकत नाहीत आणि सूर्य-चंद्राच्या वाटेवरच सापडतात. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे जात नाही. म्हणून तो सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयापूर्वी साधारण तीन तासांतच दिसतो, मध्यरात्री कधीच नाही. गुरू बारा वर्षांत राशिचक्र पुरे करतो, म्हणजे वर्षाला सुमारे एक रास. नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो तो यामुळे. शनीला साडेएकोणतीस वर्षे लागतात, राशीला सुमारे अडीच. साडेसातीचा हिशेब तीन राशींच्या या मुक्कामाचाच. त्याचे फलित मानायचे की नाही हा वेगळा विषय, पण त्यामागची ग्रहगती कोणालाही दोन-तीन वर्षांत स्वतः पडताळून पाहता येते.

१० × ५० ची द्विनेत्री पहिली दुर्बीण म्हणून पुरेशी आहे. दहा म्हणजे प्रतिमा दहापट मोठी आणि पन्नास म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. हात थरथरतात म्हणून कोपर बैलगाडीच्या साटीवर किंवा बांधावर टेकवावे. गुरूचे चार मोठे चंद्र एका रेषेत दिसतात आणि दुसऱ्या रात्री त्यांच्या जागा बदललेल्या असतात. शनीच्या कड्यासाठी मात्र तिपाईवरची लहान खगोलीय दुर्बीण लागते. चंद्रावरची विवरे पौर्णिमेपेक्षा अष्टमीला उठून दिसतात, कारण तेव्हा उजेड-अंधाराच्या सीमेवर सावल्या लांब पडतात.

उल्का, उपग्रह आणि लोणार

उल्का म्हणजे बहुतेक वेळा वाळूच्या कणाएवढा किंवा खड्याएवढा दगड. तो सेकंदाला काही दशक किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतो आणि सुमारे शंभर ते ऐंशी किलोमीटर उंचीवर जळून जातो. ऑगस्टमधला ययाती तारकासमूहातला प्रसिद्ध उल्कावर्षाव इथे ढगांत बुडतो. जिल्ह्यासाठी महत्त्वाचा तो १३-१४ डिसेंबरचा मिथुन राशीतला वर्षाव. फेथन नावाच्या लघुग्रहाने मागे टाकलेल्या कणांतून पृथ्वी जाते तेव्हा तो होतो. आदर्श आकाशात तासाला शंभरावर उल्का पडतात. साध्या शिवारातही रात्री दहानंतर तासाभरात मुलांना मोजता मोजता मजा येईल इतक्या दिसतात. हुरड्याचे दिवसही त्याच सुमारास सुरू होतात.

प्रत्येक जळती रेषा उल्काच असते असे नाही. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भ आणि खानदेशात हजारो लोकांनी आकाशातून तुकड्यातुकड्यांनी सरकणारे ज्वलंत गोळे पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात धातूचे मोठे कडे सापडले. तो परत येणाऱ्या चिनी अग्निबाणाचा अवशेष असल्याचे अभ्यासकांनी सांगितले. ओळखीची खूण वेगात आहे. उल्का डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपते, तर अग्निबाणाचा अवशेष आडव्या वाटेने मिनिटभरही रेंगाळतो. न लुकलुकता संथ सरकणारा ठिपका उपग्रह असतो. सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरचे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक त्यांत सर्वांत तेजस्वी. ते कोणत्या गावावरून कधी जाणार, हे आधी कळू शकते.

मोठा दगड मात्र वातावरणात जळून संपत नाही. लोणारचे विवर त्याची जगप्रसिद्ध खूण आहे. बेसाल्ट खडकात आघाताने झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. आदळलेला दगड काही दशक मीटर आकाराचा असावा, असा अंदाज आहे. १८२३ साली ब्रिटिश अधिकारी अलेक्झांडर यांनी त्याची नोंद केली. पुढे बराच काळ त्याला ज्वालामुखीचे मुख समजले जाई. विसाव्या शतकात आघाताच्या दाबाने काचेसारखे झालेले खनिज तिथे आढळले आणि उगमाचा निकाल लागला. विवराचे वय पूर्वी पन्नास हजार वर्षे मानत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अर्गॉन पद्धतीच्या मापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. हे वय धरले, तर दगड आदळला तेव्हा देवयानीचा आज दिसणारा प्रकाश तीन चतुर्थांश वाट चालून आला होता. नोव्हेंबर २०२० मध्ये विवरातल्या सरोवराचा समावेश पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला.

दिवसा विवर पाहून रात्री काठाबाहेरच्या मुक्कामावरून आकाश पाहणे, ही कुटुंबाची चांगली सहल होते. दिवसा पाहिलेला परिणाम आणि रात्री दिसणारी उल्का यांचे कारण एकच आहे, आणि मुलांना ते वेगळे शिकवावे लागत नाही.

लोकांची नावे

पंचांगातल्या नावांशिवाय शिवारातली नावे वेगळी आहेत. सप्तर्षींच्या चौकोनाला खेड्यांत म्हातारीची बाज म्हणतात आणि शेपटीचे तीन तारे ती पळवायला आलेले चोर. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी गोंड आणि कोरकू समाजांत फिरून अशा नावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गोंडांतही चौकोनाची खाट आणि तिचे चोर सापडतात, तर मृगातल्या तारकांत त्यांना नांगर दिसतो. जिल्ह्याच्या उत्तरेला संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांच्या सातपुड्यात कोरकू वस्ती आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून अशी नावे वहीत उतरवणे, हा या छंदाचा एक उपयोगी भाग ठरतो.

सोबतीची रीत

पहिल्या रात्री चार-पाच गोष्टींहून अधिक दाखवू नयेत. मान अवघडते, म्हणून उभ्याने पाहण्यापेक्षा आडवे होणे बरे. जानेवारीत पहाटेचा गारठा चांगलाच बोचतो, तेव्हा घोंगडी, कानटोपी आणि थर्मासमध्ये चहा हवा. जागा उजेडीच पाहून ठेवावी. कठडा नसलेल्या विहिरी हा शिवारातला सर्वांत मोठा धोका, त्यानंतर साप आणि विंचू. पायात बूट असावेत. ज्ञानगंगा आणि अंबाबरवा अभयारण्यांच्या लगत अस्वले आणि बिबटे वावरतात, म्हणून तिथे गावाजवळचे खळे किंवा शाळेचे मैदान निवडावे. हिरवा लेसर वापरला तर तो माणसांच्या डोळ्यांवर किंवा विमानाच्या दिशेने धरू नये.

महाराष्ट्रात या छंदाला संघटित रूप देणाऱ्या संस्था जुन्या आहेत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून, मुंबईचे खगोल मंडळ १९८५ पासून काम करीत आहे. जयंत नारळीकरांच्या मराठी लेखनाने आणि पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या आयुका या संशोधन संस्थेने खगोलशास्त्र शाळकरी मुलांपर्यंत आणले. गावपातळीवर एवढा पसारा लागत नाही. महिन्यातली एक संकष्टी, दोन-तीन घरे, एक द्विनेत्री आणि एक वही एवढ्यावर गट उभा राहतो. अशा गटासाठी पुढची मोठी तारीख ३१ डिसेंबर २०२८. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण असून त्याचा मध्य साडेदहाच्या सुमारास आहे.

दिव्यांचा प्रश्न

जिल्ह्याचा अंधार कायमचा नाही. गावोगावी हायमास्ट आणि पांढरे एलईडी दिवे बसले आहेत. २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून मेहकर, सिंदखेडराजाच्या बाजूला नवे उजेड आले. दिवा लावण्याला हरकत नाही, हरकत आहे ती वर आणि आडव्या फेकल्या जाणाऱ्या प्रकाशाला. तो रस्त्याच्या उपयोगी पडत नाही, वीज खातो आणि धुळीवर विखुरून आकाश उजळतो. वरून झाकलेले, खाली तोंड असलेले, पिवळसर रंगाचे आणि मध्यरात्रीनंतर मंद होणारे दिवे हा त्यावरचा उपाय.

विदर्भातच त्याचे उदाहरण आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी लगतच्या गावांतले रस्त्याचे दिवे बदलावे लागले. बुलढाण्यात लोणार परिसर आणि सातपुड्याच्या पायथ्याची गावे अशा प्रयत्नाला योग्य आहेत. तेवढा मोठा निर्णय होईपर्यंत ग्रामपंचायतीला आपल्या हद्दीतल्या दिव्यांवर टोप्या बसवता येतील. गच्चीवर तारे पाहायला बसणारे घर आपल्या दारातला दिवा तासभर मालवू शकते.